आधी ‘नाही’ म्हणणारा

शास्त्रपाठ : मत्तय २१:२३-३२, गलतीकरांस २:११-१४



आपल्याकडे चार माणसे एकत्र जमली की एक विषय हटकून निघतो. काल त्या पक्षात असलेला पुढारी आज या पक्षात कसा आला? ज्याला त्याने भर सभेत भ्रष्ट म्हटले, त्याच्याच शेजारी तो आज हार घालून कसा बसला? २०१९ च्या नोव्हेंबरात, २०२२ च्या जूनमध्ये आणि २०२३ च्या जुलैमध्ये महाराष्ट्राने जे पाहिले, त्यानंतर हा विषय निघाला नाही तरच नवल. उपासना संपल्यावर मंदिराच्या आवारातही तो निघतो, आणि मग ज्या दोन बंधूंनी नुकतीच एका प्याल्यातून प्रभूच्या रक्ताची आठवण केली, ते फाटकापाशी एकमेकांकडे पाठ करून निघून जातात.

पवित्र शास्त्राला हा विषय परका नाही. आजच्या पाठात प्रभू येशू मंदिरात शिकवीत आहे. मुख्य याजक व लोकांचे वडील त्याला अधिकाराविषयी विचारतात. तो उलट त्यांना विचारतो की, योहानाचा बाप्तिस्मा कोठून होता? आता हे लोक काय करतात ते पाहा. योहान खरा होता की खोटा, याचा विचार ते करीतच नाहीत. ‘स्वर्गापासून’ म्हणावे तर आपणच अडकतो; ‘मनुष्यांपासून’ म्हणावे तर लोकसमुदाय बिथरेल; म्हणून ते सांगतात की, आम्हांला ठाऊक नाही. इतका शुद्ध राजकीय हिशेब सगळ्या शुभवर्तमानांत क्वचितच दुसरा सापडेल. या हिशेबाला उत्तर म्हणून येशू दोन मुलांचा दाखला सांगतो. बाप दोघांनाही द्राक्षमळ्यात कामाला जाण्यास सांगतो. एक ‘नाही’ म्हणतो व मागाहून पस्तावून जातो. दुसरा आदराने ‘जातो’ म्हणतो, आणि जात नाही.

शब्द दोघांनीही पाळला नाही. शब्द फिरवणे हाच तेवढा अपराध असता, तर दोघेही सारखेच अपराधी ठरले असते. पण येशूचा प्रश्न वेगळा आहे. बापाच्या इच्छेप्रमाणे कोणी केले, एवढेच तो विचारतो.

हा प्रश्न हाती घेऊन तामिळनाडूतल्या कुंभकोणमला जाऊ. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले हे गाव मराठी माणसाला अगदीच अनोळखी नाही. तंजावरच्या भोसल्यांचे राज्य याच भागात होते, आणि पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदा या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये याच गावी एका मराठी घराण्यात जन्मले. कुंभकोणमजवळच कपिस्थलम आहे. तेथील जमीनदार घराण्यातले गोविंदस्वामी करुप्पय्या मूपनार हे काँग्रेसचे जुने व निष्ठावंत पुढारी. तिरुवैयारूला त्यागराजांच्या स्मरणार्थ जो संगीतोत्सव दर वर्षी भरतो, त्याचा भार त्यांनी पुष्कळ वर्षे वाहिला. मितभाषी माणूस, अशी त्यांची ख्याती होती.

त्या राज्यातली दुफळी समजून घेतल्यावाचून त्यांची गोष्ट कळायची नाही. १९७२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांना द्रमुकमधून काढण्यात आले आणि त्यांनी अण्णाद्रमुक स्थापन केला. तेव्हापासून पुढची अनेक दशके राज्याचे राजकारण या दोन टोकांमध्ये ताणलेले राहिले. मार्च १९८९ मध्ये प्रत्यक्ष विधानसभेत हाणामारी झाली, आणि दोन्ही बाजूंच्या मनातले विष साऱ्या देशाने पाहिले. इतर सर्व पक्षांना या दोहोंपैकी एकाच्या सावलीत उभे राहावे लागे. तिसरी सावली नव्हतीच.

१९९६ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसचे अध्यक्ष व पंतप्रधान नरसिंह राव यांनी अण्णाद्रमुकशी युती करण्याचे ठरवले. राज्यातले बहुसंख्य काँग्रेसजन त्या सरकारच्या कारभाराला विटले होते. मूपनारांनी आयुष्यभराचा पक्ष सोडला, तमिळ मानिला काँग्रेस उभी केली आणि द्रमुकशी हातमिळवणी केली. ‘सायकल’ या चिन्हावर त्यांच्या पक्षाचे ३९ आमदार व २० खासदार निवडून आले. मूळ काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही आणि मुख्यमंत्री जयललिता स्वतःच्या मतदारसंघात हरल्या. लोकांनी या पक्षत्यागाला फितुरी म्हटले नाही. त्यांनी त्याला सदसद्विवेकबुद्धी म्हटले.

पण गोष्ट तेथे संपत नाही. २००१ मध्ये याच मूपनारांनी आपला पक्ष अण्णाद्रमुकच्या आघाडीत नेला. ज्या पक्षाशी युती नको म्हणून पाच वर्षांपूर्वी घर सोडले, त्याच पक्षाच्या दारी ते गेले. पी. चिदंबरम यांना हे पटले नाही. ते वेगळे झाले. निवडणूक त्या आघाडीने जिंकली. त्याच वर्षी ३० ऑगस्टला मूपनारांचे निधन झाले आणि २००२ मध्ये त्यांचा पक्ष पुन्हा काँग्रेसमध्ये विलीन झाला. पुढे २०१४ मध्ये त्यांचे चिरंजीव जी. के. वासन यांनी तो पुन्हा उभा केला. २०१९ मध्ये तो अण्णाद्रमुक व भाजप यांच्या आघाडीत आणि २०२४ मध्ये भाजपबरोबर लढला.

वाचकहो, निकाल देण्याची घाई करू नका. मूपनारांच्या बाजूनेही बोलता येते. १९९६ मध्ये त्यांचा मित्र असलेला द्रमुक १९९९ मध्ये भाजपच्या आघाडीत गेला होता. धर्माच्या नावावर होणाऱ्या राजकारणाला विरोध करणे हीच ज्याची भूमिका, त्याने मग कोठे उभे राहायचे? आणि अण्णाद्रमुक तर १९९८ मध्ये भाजपबरोबर होता. १९९९ च्या एप्रिलमध्ये त्याने पाठिंबा काढला आणि वाजपेयींचे सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. म्हणजे जो जागचा हलला तो मूपनार, की त्याच्या भोवतीची टोके? नदीच्या पात्रात उभ्या राहिलेल्या माणसाने किनाऱ्याकडे पाहावे, आणि मधल्या काळात किनाराच कोसळून पलीकडे जावा, तसे हे आहे. दुफळी जितकी तीव्र, तितकी मधली जागा अरुंद. आणि जागा अरुंद झाली की छोटेसे पाऊलही थेट शत्रूच्या छावणीत पडते. म्हणून दुफळीच्या काळात भूमिका बदलणाऱ्यांची संख्या कमी होण्याऐवजी वाढते. एरवी जो नुसता मतभेद ठरला असता, त्याला पक्षांतराचे नाव मिळते.

मूपनारांच्या अंतःकरणात काय होते, हे देव जाणे. १९९६ चे पाऊल मला धैर्याचे वाटते. २००१ चे पाऊल तसे वाटत नाही, कारण अण्णाद्रमुकचा कारभार सुधारल्याचे कोणतेही चिन्ह तोवर दिसलेले नव्हते. तथापि माझे हे मत म्हणजे न्यायासनाचा निवाडा नव्हे.

या बाबतीत कायद्याचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षादेश मोडून मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ लागले. पण एक तृतीयांश सदस्यांनी मिळून फूट पाडली तर ते सुटत. २००३ च्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीने ही सवलत काढली. दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची मात्र राहू दिली. म्हणजे एकट्याने गेला तर तो दोषी, आणि टोळीने गेले तर ते विलीन! शिवाय, जो गरिबांच्या हितासाठी पक्षादेश मोडतो आणि जो थैलीसाठी मोडतो, या दोघांत कायद्याला फरक करता येत नाही. कायदा करणारे मूर्ख होते म्हणून असे झाले नाही. कायद्याला मते मोजता येतात. अंतःकरण तोलण्याचे माप त्याच्याजवळ नाही.

ते माप आपल्याजवळ आहे काय? ख्रिस्ती माणसाने ‘भूमिका बदलणे हेच पाप’ असे म्हणण्यापूर्वी आपल्या घराण्याकडे पाहावे. महाराष्ट्रातले आपण बहुतेक सारे अशा आजोबा-पणजोबांची नातवंडे आहोत, की ज्यांनी एक दिवस आपली बाजू बदलली. गावाने त्यांना बाटगे म्हटले, पाण्यावरून उठवले, वतनावरून भांडले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या, आणि पुढची काही वर्षे त्या घराची दोन घरे झाली. ज्याच्यापायी घर मोडते तो बदल, आणि ज्याच्यापायी घरासमोर नवी मोटार उभी राहते तो बदल, हे दोन्ही ‘मतपरिवर्तन’ या एकाच शब्दात कोंबले जातात. म्हणून मला वाटते, पहिला प्रश्न किमतीचा विचारावा. या बदलाची किंमत कोणी दिली? बदलणाऱ्याने, की दुसऱ्याच कोणी?

प्रेषित पौलावरही शब्द फिरवल्याचा आरोप आला होता, हे पुष्कळांच्या लक्षात नसते. करिंथास येतो म्हणून त्याने कळवले आणि तो आला नाही. तेथील लोकांनी बोभाटा केला, की याचे ‘होय’ ते ‘होय’ नव्हे आणि ‘नाही’ ते ‘नाही’ नव्हे. दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पौलाला याचे उत्तर द्यावे लागले आहे. आपण बेत बदलला हे तो नाकारीत नाही. तुमची गय करावी म्हणून आलो नाही, असे तो सांगतो. ज्या सुवार्तेविषयी ‘होय’ म्हटले, ते ‘होय’ मात्र बदललेले नाही, हे तो ठासून सांगतो. बेत बदलतात, मार्ग बदलतात, सोबती बदलतात. कशासाठी निघालो होतो, हे बदलले की नाही, ते पाहायचे.

आता गलतीकरांसच्या पाठाकडे वळू. माझ्या मते आपल्या विषयाचे मर्म येथे आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बंधूंबरोबर एका पंक्तीला जेवत असे. मग याकोबाकडून काही माणसे आली. पेत्र हळूहळू मागे सरू लागला, वेगळा बसू लागला. का? सुंता झालेल्यांच्या भयामुळे. त्याचे पाहून बाकीचे यहूदी सरकले, आणि बर्णबासारखा दिलदार माणूससुद्धा त्या प्रवाहात ओढला गेला.

येथे पेत्राचा विश्वास बदललेला नाही. यापोमध्ये छपरावर त्याने जो दृष्टांत पाहिला तो त्याला आठवत होता. कर्नेल्याच्या घरी पवित्र आत्मा कसा उतरला हे त्याने स्वतः पाहिले होते. कोणी खाजगीत विचारले असते तर त्याने बरोबर उत्तर दिले असते. बदलले ते फक्त त्याचे पान. दुफळी सिद्धांतात शिरण्यापूर्वी पंक्तीत शिरते. मत मनात राहते आणि पाय दुसरीकडे जातात. आज आपण ज्यांना ‘भूमिका बदलणारे’ म्हणतो, त्यांच्यातले पुष्कळजण अशा पेत्रांपैकीच आहेत. त्यांचे मत बदललेले नसते. दारात कोण येऊन उभे आहे, हे पाहून ते खुर्ची सरकवतात.

आणि पौल काय करतो? तो पेत्राची निंदा त्याच्या पाठीमागे करीत नाही, नवा पक्ष काढीत नाही, पेत्राला मंडळीतून घालवीत नाही. तो सर्वांच्या देखत, तोंडावर, त्याला बोलतो. हे अवघड आहे. पाठीमागे बोलणे सोपे असते; त्याला श्रोतेही पुष्कळ मिळतात.

पुन्हा कुंभकोणमकडे येऊ. गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर तिरुविडैमरुदूर आहे. तंजावरचा पदच्युत राजा अमरसिंह आपले शेवटचे दिवस तेथे घालवून १८०२ मध्ये वारला. तो तेथे कसा पोहोचला, ही गोष्ट आपल्या विषयासाठी मोलाची आहे, आणि ती मराठी माणसांची गोष्ट आहे.

तुळजाराजे भोसले १७८७ मध्ये मरण पावले. मरण्यापूर्वी त्यांनी सरफोजी नावाचा दहा वर्षांच्या आतला मुलगा दत्तक घेतला होता. जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिख श्वार्ट्झ यांनी त्या मुलाचे पालकत्व घ्यावे, असे राजाच्या मनात होते. श्वार्ट्झ यांनी नकार दिला. परक्या धर्मोपदेशकाने दरबारात सत्ता हाती घेतली तर तंटे माजतील, हे त्यांनी ओळखले, आणि राजाचे सावत्र बंधू अमरसिंह यांनीच मुलाचा सांभाळ करावा, असे सुचवले. पुढे अमरसिंहाने गादीवरच हक्क सांगितला. दत्तविधान शास्त्रशुद्ध आहे की नाही, असा प्रश्न निघाला. मद्रासच्या कंपनी सरकारने बारा पंडितांना विचारले. मुलगा आपल्या बापाचा एकुलता एक आहे, त्याचे वयही जास्त आहे, तेव्हा दत्तक अशास्त्र, असा निर्वाळा पंडितांनी दिला. कंपनीलाही अमरसिंहाशी करार करणे सोयीचे होते. अमरसिंह राजा झाला.

काही वर्षांनी दुसऱ्या पंडितांना विचारले, तेव्हा दत्तक सशास्त्र ठरले! पहिल्या निर्णयामागे द्रव्य आणि भय होते, हेही उघडकीस आले. शास्त्र तेच, श्लोक तेच, मुलगाही तोच. गादीवर कोण बसणार याचा वारा बदलला आणि अर्थ बदलला. पक्षांतर करणारा आमदार निदान शास्त्राचे नाव घेत नाही. धर्माच्या जाणकाराने निवाडा फिरवला की त्याखाली देवाचे नाव असते. व्यासपीठावरून उपदेश करणाऱ्या आम्हां मंडळींना ही गोष्ट झोंबली पाहिजे.

मधल्या काळात सरफोजीला अंधाऱ्या खोलीत जवळजवळ कैदेत ठेवले होते. ज्या अमरसिंहाचे नाव श्वार्ट्झ यांनी स्वतः सुचवले, त्याच्याविरुद्ध ते आता उभे राहिले. त्यांनी कंपनीकडे अर्ज-विनंत्या केल्या, मुलाभोवती पहारा बसवून घेतला, आणि १७९३ मध्ये त्याला व राजस्त्रियांना मद्रासेला हलवले. हा श्वार्ट्झ यांच्या भूमिकेतला बदल होता, यात शंका नाही. कोणी म्हणू शकला असता, की म्हाताऱ्याने शब्द फिरवला. १७८७ मध्ये मुलाच्या हितासाठी अमरसिंह हवा होता; १७९३ मध्ये मुलाच्याच हितासाठी अमरसिंह नको झाला. जून १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसला. श्वार्ट्झ त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला वारले होते. त्यांना तो दिवस दिसला नाही. सरफोजी शेवटपर्यंत हिंदू राहिला. तंजावरच्या ख्रिस्तमंदिरात त्याने आपल्या गुरूच्या स्मरणार्थ फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून बसवले. ते आजही तेथे आहे.

श्वार्ट्झ यांना निर्दोष संत करून ठेवण्याची गरज नाही. ते कंपनीच्या फौजेचे धर्मगुरूही होते, आणि कंपनीचा हात त्यांच्या पाठीवर होता, हे विसरून चालणार नाही. परंतु या प्रकरणात त्यांच्या पक्षाचा काय लाभ झाला, असे विचारले तर उत्तर सापडत नाही. मुलगा आपल्या धर्मात येईल तरच त्याचा हक्क मान्य, असे त्यांनी कधी म्हटले नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. विधानसभेतल्या दुफळीविषयी आपण तावातावाने बोलतो, पण पास्टरेट कमिटीची निवडणूक आली की आपल्याकडे काय होते? दोन पॅनेले पडतात. कोण कोणाच्या घरी प्रार्थनेला जाते, यावरून माणसाची बाजू ओळखली जाते. एका गटाच्या घरी लग्न असले की दुसऱ्या गटातला माणूस आहेर पाठवतो आणि स्वतः जात नाही. मयताला मात्र मागे उभा राहून जातो. मंदिराच्या जागेचे तंटे न्यायालयात वर्षानुवर्षे पडून राहतात. ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा’ हे करिंथकरांचे भांडण आपण दर वर्षी वाचतो आणि करिंथकरांना नावे ठेवतो.

अशा मंडळीत, समजा, वार्षिक सभेत हिशेब मांडला जात आहे. विरुद्ध गटाच्या खजिनदारावर आपल्या गटाने आरोप केला आहे. कागद पाहिल्यावर आपल्याच गटातल्या एका बंधूच्या ध्यानात येते, की आरोप खोटा आहे. पावत्या बरोबर आहेत. आता त्याने काय करावे? उठून तसे सांगितले, तर आपला गट त्याला फितूर म्हणेल. ज्यांच्याबरोबर वीस वर्षे नाताळची गाणी म्हणत घरोघर फिरलो, ते उद्या बोलणार नाहीत. विरुद्ध गट त्याच्या गळ्यात हार घालील आणि त्याला आपला म्हणून मिरवील, आणि हे त्याला त्याहूनही जड जाईल. न बोलावे, तर हात वर करून मत दिले की काम झाले. कोणालाही काही कळणार नाही. मूपनारांच्या आयुष्यातला १९९६ चा प्रश्न आपल्या मंडळीत इतक्या लहान रूपाने येतो. तो आपल्या ओळखीचा होत नाही, याचे कारण आपण त्याला राजकारण म्हणत नाही.

जे सोडून जातात त्यांच्याविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे. अबशालोमाच्या बंडात दावीदाचा मंत्री अहीथोफेल शत्रूला जाऊन मिळाला. आपण त्याला विश्वासघातकी म्हणून मोकळे होतो. पण शमुवेलाचे दुसरे पुस्तक नीट वाचणाऱ्याला दिसते, की बथशेबा ही अलीयामाची मुलगी, आणि अहीथोफेलालाही अलीयाम नावाचा मुलगा होता. हा अलीयाम एकच असेल, तर बथशेबा ही अहीथोफेलाची नात ठरते. राजाने तिच्या घराचे काय केले होते, ते आपणांस ठाऊक आहे. शास्त्र हे उघड सांगत नाही. अभ्यासकांचा हा तर्क आहे. त्याने अहीथोफेलाचे पाप पुसले जात नाही. त्याने दिलेला सल्ला दुष्टच होता आणि त्याचा शेवट भयंकर झाला. परंतु दावीदाने त्या बातमीवर काय केले पाहा. जैतुनाच्या डोंगरावर तो अनवाणी, डोके झाकून, रडत चढत होता. अहीथोफेलाचा सल्ला मूर्खपणाचा ठरव, अशी प्रार्थना त्याने केली. त्या माणसाला शाप दिला नाही. आपल्या मंडळीतून कोणी उठून दुसऱ्या मंडळीत गेला, तर ‘गेला बिचारा लोभाने’ असे आपण लगेच म्हणतो. त्याच्या घरी कोणी आजारी असताना आपल्यापैकी किती जण गेले होते, हे विचारत नाही.

येशूने आपल्या बारा जणांत मत्तय जकातदार घेतला आणि शिमोन जिलोतही घेतला. एकजण रोमी सत्तेसाठी पैसे गोळा करणाऱ्यांपैकी. दुसऱ्याच्या नावापुढे लागलेला शब्द त्या सत्तेविरुद्ध पेटलेल्या आवेशाचा. वाटेत त्या दोघांत काय बोलणे झाले असेल? शुभवर्तमानांत त्याविषयी एक अक्षर नाही. दोघेही शेवटच्या भोजनाला एकाच मेजावर होते, एवढे मात्र आहे.

श्वार्ट्झ यांच्या आयुष्यातली आणखी एक घटना सांगायची राहिली. हैदरअलीची स्वारी आली तेव्हा, १७८१ च्या सुमारास, तंजावरच्या किल्ल्यात धान्य संपले. बाहेर शेतकऱ्यांकडे धान्य होते, पण ते वाहून आणण्यास बैल मिळेनात. राजाच्या माणसांनी व कंपनीच्या माणसांनी शेतकऱ्यांना इतक्या वेळा शब्द देऊन फसवले होते, की आता कोणाच्याही शिक्क्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. उपाशी माणसे रस्त्यांत मरून पडत होती. शेवटी राजाने श्वार्ट्झ यांना गळ घातली. श्वार्ट्झ यांनी गावोगाव निरोप पाठवला, की जो कोणी बैल घेऊन येईल त्याचे पैसे मी स्वतःच्या हाताने देईन. दोन-तीन दिवसांत हजाराच्या आसपास बैल जमले आणि ८०,००० कलम धान्य किल्ल्यात आले. श्वार्ट्झ यांनी प्रत्येकाचे पैसे चुकते केले आणि मग माणसे आपापले बैल हाकीत घरी गेली.